लळा कसा लागतो



आजचा आमचा विषय आहे आईबाप आणि लेकरू यांच्यातला लळा. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? येथे बसलेल्या बहुतेकींनी दोन-दोन, चार-चार लेकरे वाढवली आहेत. पुढच्या रांगेतल्या आजींनी तर नातवंडे-पतवंडेही खेळवली. त्यांना लळा शिकवायला आम्ही कोण? आम्ही जन्मभर पाटी-पेन्सिलीचे मास्तर. पण लळा लावणे वेगळे आणि तो कसा लागतो हे जाणणे वेगळे. विहिरीचे पाणी सारा गाव पितो. झरा कोणत्या बाजूने आहे हे पाहायला मात्र कोणी तरी खाली उतरावे लागते. गेल्या शंभर वर्षांत काही विद्वान मंडळी या विहिरीत उतरली. त्यांनी काय पाहिले ते आम्ही वाचले. त्यातले जे आपल्या कामाचे वाटले ते आज सांगतो.

आधी गोठ्यात जाऊ. गाय व्याली की वासराला चाटते. वासरू कासेला ढुसण्या देते आणि गाय पान्हवते. वासरू दगावले तर काही गाई दूध चोरतात. मग जुने लोक मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरीत आणि ते गाईपुढे उभे करीत. गाय ते हुंगी, चाटी, आणि पान्हा सोडी. बाईमाणसाचेही तसेच आहे. बाळ पलीकडच्या खोलीत रडले, की इकडे आईचे पोलके ओले होते. बाळ अजून छातीशी आलेले नसते, नुसता आवाज आलेला असतो. हे तुम्हांला ठाऊक आहे. पण हे घडते कसे?

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. बाळ दूध ओढू लागले, की ती खबर मज्जातंतूंवाटे मेंदूला पोहोचते आणि या ग्रंथीतून एक रस रक्तात सुटतो. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. नाव अवघड आहे. फळ्यावर लिहिले आहे, सावकाश वाचा. रक्ताबरोबर हा रस स्तनात जातो. तेथे दुधाच्या बारीक बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्याभोवती स्नायूंची जाळी असते. रस पोहोचला की जाळी आवळते आणि दूध पुढे येते. हाच आपला पान्हा. दूध तयार करण्याचे काम दुसऱ्या रसाचे, त्याचे नाव प्रोलॅक्टिन. ऑक्सिटोसिनचे काम ते बाहेर काढण्याचे. बाळंतपणात गर्भाशय आवळतो तोही याच रसाने. म्हणून पहिल्या दिवसांत बाळाला पाजताना पोटात कळ येते. ती कळ चांगली; तिने रक्त जाणे कमी होते.

इंग्लंडमधल्या हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले, की या ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळतो. पुढे अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली हा रस प्रयोगशाळेत बनवला. १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. काही लोक म्हशीला दूध सोडण्यासाठी जे इंजेक्शन टोचतात ते याच रसाचे. जनावरास अपाय होईल असे काही टोचून दूध काढणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. हे जाता जाता सांगितले, कारण गोठ्याचा विषय निघाला.

आणखी एक गोष्ट. भीती, भांडण, दुखणे यांनी हा रस सुटायचा थांबतो. दूध छातीत असते, पण उतरत नाही. सून पाजायला बसली, की सासूने बोलणे काढू नये असे काही घरांत म्हणतात. ज्या कोणी हे प्रथम म्हटले तिला पीयूषिका ग्रंथी ठाऊक नव्हती, पण तिचे म्हणणे बरोबर होते.

येथवर दुधाचे झाले. खरे नवल पुढे आहे. हा रस रक्तात जातो तसा मेंदूतही काम करतो. १९८७ साली इंग्लंडात मेंढ्यांवर एक प्रयोग झाला. मेंढपाळ बंधूंना ठाऊक आहे, की मेंढी दुसरीच्या कोकराला जवळ येऊ देत नाही, ढुशी मारते. पण प्रयोगातल्या मेंढ्यांच्या मेंदूत हा रस सोडला, तेव्हा न व्यालेल्या मेंढ्याही परक्या कोकराला हुंगू-चाटू लागल्या. मेंढी व्याली, की पहिल्या एक-दोन तासांत ती आपल्या कोकराचा वास मनात धरते. त्यानंतर दुसरे कोकरू तिला चालत नाही. निसर्गाने तेवढ्याच वेळापुरते दार उघडे ठेवलेले असते.

माणसाचे दार एवढे लवकर मिटत नाही. हे फार मोलाचे आहे. दत्तक घेतलेल्या मुलावर आई जीव टाकते, मावशी भाच्याला आईच्या जागी होते, आजी नातवाला वाढवते. मेंढीत हे सहसा होत नाही. तसेच, बाळ हातात येताच प्रत्येक आईला उमाळा येतोच असेही नाही. काहींना चार दिवस लागतात, काहींना महिना. बाळंतपण जड गेले असेल, शीण असेल, तर 'मला काहीच वाटत नाही' असे बाईला वाटते आणि ती मनातल्या मनात स्वतःला दोष देते. त्यात दोष कसला? मात्र दोन आठवडे उलटले तरी बाई खिन्नच राहिली, खाणेपिणे, झोप गेली, बाळाकडे बघवेना, तर तो आजार आहे आणि त्याला औषधोपचार आहे. डॉक्टरीणबाईंना दाखवावे. देवऋष्याकडे जाऊन दिवस घालवू नयेत.

आता कोणी म्हणेल, की मग माया म्हणजे नुसता रसाचा खेळ, ज्याच्या रक्तात असेल त्याला मिळाली. 'खाण तशी माती' असे आपण म्हणतोच. यावर कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी मायकेल मीनी आणि त्यांच्या सोबत्यांनी उंदरांवर काम केले. उंदरांच्या आयाही दोन तऱ्हेच्या असतात. काही आपल्या पिलांना पुष्कळ चाटतात, काही थोडे. पुष्कळ चाटलेली पिले मोठेपणी धीट निघाली. भ्याली तरी लवकर शांत होत. थोडी चाटलेली भित्री निघाली. आणि त्यांतल्या माद्या पुढे आपल्या आयांसारख्याच आया झाल्या. येथपर्यंत 'खाण तशी माती' खरे वाटते. पण मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. कमी चाटणारीची पिले जन्मताच जास्त चाटणारीच्या कुशीत दिली. ती पिले धीट निघाली, आणि मोठेपणी आपल्या पिलांना पुष्कळ चाटू लागली! जन्म देणारीसारखी न होता सांभाळणारीसारखी झाली. हे १९९९ साली छापून आले. २००४ साली त्यांनी आणखी खोल पाहिले. चाटण्याने पिलाच्या मेंदूतल्या जनुकांवर काही खुणा बदलतात असे आढळले. जनुके तीच राहतात, पण कोणते काम करील आणि कोणते मिटून राहील हे बदलते. घरात पोथी एकच असावी, पण रोज कोणता अध्याय उघडायचा हे वाचणाऱ्याने ठरवावे, तसे. उंदराचे सगळेच माणसाला लावू नये हे आम्हांला कळते. पण 'रक्त' एवढा एकच शब्द उच्चारून मोकळे होता येत नाही, एवढे तरी यातून निघाले.

मग दूध पाजले की लळा लागतो का? जुने विद्वान असेच समजत. भूक भागवणाऱ्याला मूल चिकटते, यापलीकडे त्यात काही नाही, असे त्यांचे मत. अमेरिकेत जॉन वॉटसन नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२८ साली पुस्तक लिहून आईबापांना बजावले, की मुलांना कवटाळू नका, पापे घेऊ नका. सकाळी भेटलात तर हस्तांदोलन करा. हस्तांदोलन! आपल्या घरातल्या आजीपुढे हे पुस्तक वाचले असते तर तिने ते चुलीत घातले असते.

या मताला धक्का दिला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांनी. त्यांनी उत्तर हिंदुस्थानात असतात तसल्या लाल तोंडाच्या माकडांची पिले जन्मताच आयांपासून दूर केली. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची. तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी लाकडाची, वर मऊ कापड गुंडाळलेली. तिच्याजवळ दूध नाही. आता जुन्या मताप्रमाणे पिलांनी कोणाला धरावे? तारेच्या आईला. पण पिले भूक लागली की तारेवर चढत, दूध पीत, आणि लगेच कापडाच्या आईला जाऊन बिलगत. दिवसाचा बहुतेक वेळ तिच्याच अंगावर. पिंजऱ्यात ढोल वाजवणारे यांत्रिक अस्वल सोडले, तर भ्यालेली पिले धावत कापडाच्या आईकडे जात. तिला अंग घासत, थोडी शांत होत, आणि मग तेथूनच वळून त्या अस्वलाकडे बघत. १९५८ साली हार्लो यांनी हे आपल्या मंडळींच्या सभेत सांगितले.

मऊ स्पर्शाने पिलाला धीर येतो, दूध वेगळे आणि धीर वेगळा, हे यातून उघड झाले. पण कापडाची आईही पुरी पडली नाही. आईवाचून आणि भावंडांवाचून वाढलेली ती माकडे मोठेपणी वेडीवाकडी वागू लागली. त्यांतल्या माद्यांना पिले झाली तेव्हा कित्येकींनी पिलांकडे पाहिलेच नाही, काहींनी मारले. आम्हांला स्वतःला हे प्रयोग वाचवत नाहीत. मुक्या जिवाला आईपासून तोडून हे ज्ञान मिळवले आहे, हे विसरून ते वापरू नये. हिंदुस्थानातून अशी हजारो माकडे परदेशी जात. १९७८ सालापासून आपल्या सरकारने ती पाठवणे बंद केले.

आता बाळाच्या बाजूने पाहा. आपण समजतो, की तान्ह्याला काय कळते? मांसाचा गोळा. तसे नाही. १९८० साली अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि कानांना आवाज ऐकवण्याचे यंत्र लावले. एका लयीने चोखले की आपल्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीने चोखले की परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशीच लय धरली. पोटात असताना ऐकलेला आवाज ती ओळखत होती. आईच्या दुधाचा वासही आठवडाभराच्या आत बाळ ओळखते. तो कपडा जिकडे, तिकडे तोंड वळवते. नव्या बाळाला लांबचे स्पष्ट दिसत नाही. सुमारे एक वीतभर अंतरावरचे बरे दिसते. पाजताना आईचा चेहरा बाळापासून तेवढ्याच अंतरावर असतो, हे लक्षात घ्या.

म्हणजे लळा दोन्हीकडून विणला जातो. बाळ रडते, आई येते. बाळ बघते, आई बोलते. आई बोलली की ते हुंकार देते. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधी गोष्ट केली. आईला सांगितले, बाळाशी खेळा, आणि मग दोन-तीन मिनिटे चेहरा दगडासारखा ठेवा. बोलू नका, हसू नका. बाळाने आधी हसून पाहिले, हात पुढे केले, आवाज काढले. आई हलली नाही तेव्हा ते मान वळवून रडवेले झाले. दोन-तीन मिनिटांत हे होते. हल्ली पाजताना हातात मोबाइल असतो, डोळे त्यात असतात. दिवसातून एक-दोन वेळा झाले म्हणून काही बिघडत नाही. आईलाही विरंगुळा हवा. पण प्रत्येक वेळी तसेच होऊ नये असे आमचे मत आहे, मग तुम्ही आम्हांला जुन्या वळणाचे म्हणा.

येथे एक वाद नेहमी निघतो. 'रडले की लगेच उचलू नका, सवय लागेल, लाडावेल.' मेरी एन्सवर्थ नावाच्या विदुषी १९५४-५५ साली आफ्रिकेत युगांडा देशी राहिल्या. खेड्यांतून घरोघर जाऊन त्यांनी माता आणि बाळे पाहिली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरीही असेच घरी जाऊन वर्षभर निरीक्षण केले. १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकारिणीने लिहिले, की पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याला आया लवकर धावून गेल्या, ती बाळे वर्षाअखेर कमी रडत होती. आपले रडणे ऐकणारे कोणी आहे ही खात्री झाली, की मूल हुंकारून, हात दाखवून सांगू लागते. या निष्कर्षावर इतरांनी शंकाही काढल्या. मूलच शांत स्वभावाचे असेल, असेही ते म्हणाले. पण तान्ह्याला उचलल्याने ते बिघडते, याला मात्र पुरावा नाही. चार वर्षांच्या पोराने दुकानात खाऊसाठी लोळण घेणे ही वेगळी गोष्ट, ती येथे आणू नका.

आता पुरुष मंडळींकडे वळतो. मागे बसून आपल्याला काय त्याचे म्हणून बिडी काढू नका. बाळंतीण माहेरी जाते, बाप सव्वा महिना किंवा तीन महिने लांब राहतो, आणि बाळ घरी आले की त्याला हात लावायला भितो. मग म्हणतो, पोर माझ्याकडे येत नाही. येईल कसे? फिलिपाइन्स देशात सेबू या ठिकाणी सहाशेहून अधिक तरुणांचे रक्त चार-पाच वर्षांच्या अंतराने दोनदा तपासले. २०११ साली ते छापले गेले. जे बाप झाले होते त्यांच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी रस, चांगलाच उतरला होता. आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाचे करीत, त्यांचा सर्वांत कमी होता. याने पुरुषपण जात नाही, घाबरू नका. झुंजीची खुमखुमी उतरते आणि घरात लक्ष लागते, एवढाच याचा अर्थ. बापाला पान्हा फुटत नाही, पण मूल सांभाळता सांभाळता त्याचेही अंग बदलते. आधी हात लावला पाहिजे.

तो कसा लावायचा याची एक रीत सांगतो. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरी एका मोठ्या प्रसूतिगृहात कमी दिवसांची, कमी वजनाची बाळे फार येत. काचेच्या पेट्या अपुऱ्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळे, आणि एकाचा रोग दुसऱ्याला. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत ठेवतो, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती पुढे जगभर गेली. जागतिक आरोग्य संघटनेने भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून पाच दवाखान्यांत ती तपासली. भारतातला दवाखाना दिल्लीचा सफदरजंग. एक किलो ते पावणेदोन किलोच्या थोड्या वरपर्यंतची ३,२११ बाळे घेतली. काहींना जन्मल्याबरोबर छातीशी धरले, काहींना प्रकृती स्थिर झाल्यावर. २०२१ साली निकाल आला. उशिरा धरलेल्या शंभर बाळांत सुमारे सोळा दगावली, लगेच धरलेल्यांत बारा. ही बाळे दिवसाचे सुमारे १७ तास अंगाशी होती. एवढा वेळ आई एकटी कशी पुरेल? आजी, मावशी, आणि बापसुद्धा छातीशी धरू शकतो. सदरा काढा, हात धुवा, आणि बसा.

आता थोडे कष्टाचे सांगायचे आहे. मूल आणि आईबाप यांची ताटातूट झाली तर काय होते?

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचे गृहस्थ होते. त्या काळी तेथल्या दवाखान्यांत मुलाला ठेवले, की आईबापांना आठवड्यातून थोडाच वेळ भेटू देत. 'तुम्ही आलात की मूल रडते, नाही आलात तर गप्प असते,' असे परिचारिका सांगत. रॉबर्टसन यांनी शांत बसून पाहिले. पहिले काही दिवस मूल आकांत करते. मग खंतावते, कोपऱ्यात पडून राहते. आणि मग खायला लागते, हसते, कोणाच्याही मांडीवर बसते. लोक म्हणत, रुळले. पण आई आली की ते तिच्याकडे बघतसुद्धा नसे. १९५२ साली त्यांनी अडीच वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. बेंबीच्या हर्नियाची लहानशी शस्त्रक्रिया, आठ दिवसांचा मुक्काम. तो पाहून पुष्कळ डॉक्टर रागावले. पण १९५९ साली सरकारी समितीने सांगितले, की आईबापांना भेटीची मोकळीक द्यावी. आज आपल्या दवाखान्यात पोराच्या खाटेशी आई बसलेली दिसते, त्यामागे या माणसाचे ते बसून पाहणे आहे.

याहून भयंकर रुमानिया देशात झाले. तेथे चाउशेस्कू यांच्या राजवटीने लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. ज्यांना पोसवत नव्हते त्यांनी मुले सरकारी आश्रमांत टाकली. १९८९ साली राजवट कोसळली तेव्हा अशी लाखाहून अधिक मुले होती. एकेका बाईकडे कितीतरी बाळे. ठरल्या वेळी बाटली, ठरल्या वेळी कपडे, आणि बाकी वेळ छताकडे बघणे. बाळे रडतही नसत, कारण रडून कोणी येत नसे. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुले घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुले कुटुंबांत सांभाळायला दिली. ज्यांना घर मिळाले त्यांची बुद्धी, बोलणे आणि माणसांशी जडणारा लळा आश्रमातल्या मुलांपेक्षा चांगला वाढला. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांचे अधिक भले झाले. पोट भरत होते, तरी ही मुले खुंटली होती. ते घर जन्मदात्यांचे नव्हते, तरी मुले सुधारली.

मागच्या गुरुवारी वर्गातल्या एका ताईंनी आम्हांला विचारले, ते हे सारे वाचायचे खरे कारण. त्या ऊसतोडीला जातात. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं आजीपाशी ठेवून आम्ही पाच-सहा महिने फडावर असतो. चैतात परत आलं की ते माझ्याजवळ येत नाही. आजीच्या पदराआड लपतं. त्याची माया तुटली का हो?"

ताई, तुटली नाही. ते रॉबर्टसनांनी पाहिले तेच आहे. ज्याची ओढच नव्हती त्याच्यापासून मूल लपत नाही, त्याच्याकडे ते सरळ बघते. लपते ते रागावून. आणि ते आजीला धरते आहे हे चांगले लक्षण आहे. १९६४ साली स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरी साठ बाळांचा अभ्यास झाला. दीड वर्षाची होईतो बहुतेक बाळांचा लळा एकापेक्षा जास्त माणसांशी जडलेला दिसला. बाप, आजी, आजोबा, मोठी भावंडे. जॉन बोल्बी या विद्वानांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. त्यात आईचे महत्त्व त्यांनी फार चांगले सांगितले, पण सगळा भार तिच्याच डोक्यावर दिला. आम्हांला ते तेवढे पटत नाही. आपल्या घरांतून मूल एका मांडीवर कधी वाढलेच नाही.

रॉबर्टसन पतिपत्नींनी पुढे स्वतःच्या घरी चार मुले सांभाळली. त्यांच्या आया दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होत्या. त्यांनी आधीपासून मुलांशी ओळख केली. मूल काय खाते, कसे झोपते, कोणता शब्द कशाला वापरते, हे आयांना विचारून घेतले. मुलांचे अंथरूण आणि खेळणी बरोबर आणली. आईचा फोटो ठेवला, तिच्याविषयी रोज बोलले. मुलांना आईची आठवण झाली, पण ती कोलमडली नाहीत, आणि आई भेटल्यावर तिच्याकडे गेली. त्याच सुमारास दीड वर्षाचा एक मुलगा नऊ दिवस बालगृहात होता. तेथे बायका पाळीपाळीने बदलत. तो मुलगा पार कोमेजला आणि आईला जवळ येऊ देईना.

नऊ दिवस आणि पाच महिने एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. आणि जाणे-न जाणे तुमच्या हातात कुठे आहे? मुकादमाची उचल घेतलेली असते. बाळंतिणीला पगारी रजा देणारा कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती रजा २६ आठवड्यांची केली, आणि पन्नास माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे केले. ऊसतोडीच्या कोपीपर्यंत त्यातले काही पोहोचत नाही. तान्हे बरोबर न्यावे तर थंडी, धूर, ट्रॅक्टरची वर्दळ. मागे ठेवावे तर ही ताटातूट. हा दोष आईच्या मायेचा म्हणणाऱ्याने एकदा फडावर जाऊन यावे.

तरी जे हातात आहे ते सांगतो. अंगावर पिणारे मूल शक्यतो मागे ठेवू नये. मोठे ठेवायचे तर निघण्याआधी महिनाभर त्याचे न्हाऊ-माखू, भरवणे, निजवणे हळूहळू आजीकडे जाऊ द्या. एका रात्रीत नको. ज्या माणसाजवळ ठेवले ते हंगामभर बदलू नये. आज आजी, उद्या चुलती, परवा शेजारीण, असे झाले की मूल बावरते. आईचे वापरलेले लुगडे न धुता त्याच्या गोधडीवर ठेवा. ते झोपेत असताना चोरून निघू नका. रडले तरी सांगून जा. नाही तर पुढे ते झोपायलाच भिईल. रोज ठरल्या वेळी फोनवर बोला. फार लहान असेल तर नुसता आवाज ऐकू दे, आणि आजींनी तुमचे नाव घेत राहावे.

परत आल्यावर ओढून घेऊ नका. 'विसरलास का रे मला' म्हणू नका. आजीलाही लगेच बाजूला करू नका. आता तिच्यापासून तुटले तर ती दुसरी ताटातूट होईल. तुम्ही दोघी शेजारी बसा, भाकरी करा, बोला. मूल लांबून बघेल. एखादे दिवशी येऊन पाठीला टेकेल, पुन्हा पळेल. कोणाला चार दिवस लागतात, कोणाला पंधरा. नंतर ते पाय धरून हिंडू लागते, जरा नजरेआड झालात की किंचाळते. त्या वेळी चिडू नका. ते तुम्ही पुन्हा जाणार की काय हे बघत असते.

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. आज श्रावणातला दुसरा आठवडा चालू आहे. ज्या घरांत मूल मागे राहायचे आहे, त्या घरच्या आजींनी पुढच्या गुरुवारी सुनेबरोबर वर्गाला यावे. नर्सबाई येणार आहेत, कांगारू पद्धतीने बाळ कसे बांधावे ते त्या दाखवतील, आणि आजींना विचारायचे असेल ते त्यांनाच विचारता येईल.